म्हैस ढासते, इंजेक्शननं थांबते, परत ढासते: आमच्या गोठ्यात नेमकं काय सापडलं

ज्यांच्या गोठ्यात दर पावसाळ्यात जनावरं ढासायला, म्हणजे खोकायला लागतात, डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जातात, चार-आठ दिवस बरं वाटतं आणि परत तेच सुरू होतं, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय. आमच्यात हा प्रकार सलग तीन पावसाळे चालला. गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या जवळ. चार म्हशी, त्यात दोन पंढरपुरी, दोन मुऱ्हा, शिवाय दोन रेडकं, एक गाय आणि गोठ्याच्या कोपऱ्यात आईच्या दहा-बारा कोंबड्या. आषाढ लागला की ढास सुरू, ती दिवाळीपर्यंत. आधी एक म्हैस, मग शेजारची, मग सगळी दावण. धार काढताना म्हैस ढासली की पान्हा चोरते, दूध कमी येतं ते वेगळंच, पण रात्री अंथरुणात पडून तो आवाज ऐकायचा म्हणजे काय असतं ते ज्याच्या दारात जनावर आहे त्यालाच कळतं.

औषधांचं म्हणाल तर सगळं करून झालं होतं. पाच-पाच दिवसांचे अँटिबायोटिकचे कोर्स, तितके दिवस दूध डेअरीला घालायचं बंद, वर आईचा अडुळसा, गूळ-हळद, ओवा. दर वेळी गुण यायचा आणि दर वेळी पंधरा दिवसांत परत पहिले पाढे. तिसऱ्या वर्षी मी डॉक्टरांना चहाला थांबवून सरळ विचारलं, साहेब हे परत परत का येतंय. ते म्हणाले, "तुम्ही मला दर वेळी म्हैस दाखवता, गोठा कधी दाखवलाच नाही." म्हशी आम्ही त्यांच्या सोयीसाठी बाहेर अंगणात आणून बांधायचो ना, ते खरंच होतं.

त्यांचं पहिलं म्हणणं असं की ढास हा रोगच नाही. श्वासाच्या वाटेत नको ते काहीतरी आलंय आणि शरीर ते जोर लावून बाहेर फेकतंय, एवढाच ढासेचा अर्थ. त्यामुळं ढास थांबवायचं औषध शोधण्याआधी दोन गोष्टी शोधायच्या, एक म्हणजे नको ते काय आहे आणि कुठनं येतंय, दुसरं म्हणजे ते वाटेत कुठल्या टप्प्यावर अडलंय. यासाठी नाकापासून फुफ्फुसापर्यंतची वाट माहीत पाहिजे. मला ती त्यांनी म्हशीवर हात ठेवून ठेवून दाखवली, तशीच सांगतो, कारण हे एकदा कळलं की अर्धं काम झालं.

नाकापासून सुरू करू. नाकपुडीच्या आत सरळ मोकळी नळी नसते. तिथं कागदाची सुरळी करावी तशा पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर ओलं, रक्तानं भरलेलं अस्तर. हवा त्यातनं वळणं घेत घेत आत जाते, जाताना गार असली तर गरम होते, कोरडी असली तर ओली होते, आणि धूळ अस्तराला चिकटून बसते. कुट्टीचा भुगा, मातीची जाड धूळ असलं बहुतेक इथंच अडतं. पण बुरशीची बारीक बीजं आणि धुराचे कण इतके लहान असतात की ते नाकाला चुकवून थेट खाली जातात. घरच्या घरी बघायचं असेल तर हाताचा मागचा भाग दोन्ही नाकपुड्यांपुढं धरा, दोन्हीकडनं सारखी फुंकर लागली पाहिजे. एकीकडनं कमी लागत असेल किंवा शेंबूड एकाच बाजूनं येत असेल तर भानगड नाकातच आहे असं समजायचं. दोन्हीकडनं पाण्यासारखं पातळ गळत असेल तर वरची वाट चिडलीय, आणि पिवळं, घट्ट, वास मारणारं असेल तर जंतू लागलेत, तिथं घरगुती काही करत बसायचं नाही. हे बघायचं ते पहाटे, जनावर उठायच्या आत, कारण म्हैस जिभेनं नाक चाटून साफ करते आणि आपण दिवसा बघतो तेव्हा काहीच दिसत नाही.

मग घसा. इथं एक लई महत्त्वाची गोष्ट आहे जी मला आयुष्यभर जनावरं सांभाळून माहीत नव्हती. घशात हवेची वाट आणि वैरण-पाण्याची वाट एकमेकींना ओलांडून जातात. नाकातनं येणारी हवा वरून येऊन खालच्या श्वासनळीत जाते आणि तोंडातनं येणारा घास खालून येऊन वरच्या अन्ननळीत जातो. चौकात जसं एक बाजू थांबवून दुसरी सोडतात तसं प्रत्येक घोटाला श्वासनळीचं तोंड मिटायला लागतं. गिळताना मान मोकळी आणि जीभ जागेवर असेल तरच ते नीट मिटतं. हे ध्यानात ठेवा, पुढं आमच्या चंद्री म्हशीचं याच ठिकाणी बिघडलं.

घशाखाली श्वासनळी. गळ्याच्या पोळीच्या वर हात घालून हळू चाचपलं की खरखरीत, कड्या-कड्यांची नळी बोटाला लागते. पन्नासच्या आसपास कूर्चेच्या कड्या असतात, त्यामुळं म्हशीनं मान कशीही वळवली तरी नळी चेपत नाही. डॉक्टरांनी घशाच्या जरा खाली दोन बोटांत नळी हलकीच दाबली, गाईनं मान झटकली आणि गप्प बसली, आणि म्हशींनी मात्र लगेच ओळीनं पाच-सहा ढासा दिल्या. म्हणजे नळीचं आतलं अस्तर सोललेलं होतं. आपण हे करून बघायला हरकत नाही पण जोर लावायचा नाही, आणि ज्या जनावराला धाप आहे त्याला तर करायचंच नाही.

या नळीच्या आतली व्यवस्था ऐकून मी खरंच थक्क झालो. आतून सगळीकडं डोळ्याला न दिसणारे बारीक केसाळ तंतू, त्यांच्यावर चिकट पाण्याचा पातळ थर, आणि ते तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेला हलत राहतात, घशाकडं. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पट्ट्यावरनं कसा न थांबता पुढं सरकत जातो, तसा तो चिकट थर अडकलेली धूळ आणि जंतू घेऊन वर सरकतो आणि जनावर ते गिळून टाकतं. रात्रंदिवस चालू. हा पट्टा चालू आहे तोवर जनावर सहजासहजी आजारी पडत नाही. पट्टा बंद पडला की तीच रोजची धूळ आणि नाकात कायम राहणारे तेच जंतू खाली साठायला लागतात आणि मग निमोनिया. म्हणजे जंतू बहुतेक वेळा बाहेरून नवा येत नाही, आपल्याच जनावराच्या नाका-घशात असतो, त्याला खाली उतरायला वाट आपण करून देतो.

आणि फुफ्फुस. छातीत दोन, त्यात उजवं मोठं. आपल्यात श्वासनळी छातीत उतरून दोन फाटे फुटते, पण गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्यात त्या फाट्याच्या आधीच उजव्या बाजूला एक जादा फांदी निघते आणि ती उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या भागाला जाते. नळीतनं काही चुकीचं खाली उतरलं तर त्याला ही पहिली वाट सापडते. दुसरं म्हणजे गाईवर्गाच्या फुफ्फुसाचे बारीक कप्पे एकमेकांपासून चांगल्या जाड पडद्यांनी वेगळे केलेले असतात. कुत्र्याच्या फुफ्फुसात एका कप्प्याची वाट बुजली तर शेजारच्या कप्प्यातनं हवा झिरपत येते, गाईवर्गात ती सोय जवळजवळ नाहीच, बुजला तो कप्पा बुजला. त्यात शरीराच्या मानानं यांचं फुफ्फुस लहान, म्हणजे शिल्लक ताकद कमी. एवढं मोठं धूड, पण छातीच्या बाबतीत लई नाजूक जनावर आहे हे, मला हे कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.

आता श्वास मोजायचं. हे रोज करा, फुकट आहे. पहाटे गारव्यात, जनावर शांत बसून रवंथ करत असताना, मागं थोडं लांब उभं राहून डाव्या कुशीकडं बघायचं. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चौपट करायचं नाही, चुकतं. मोठी म्हैस विसाव्याला असताना साधारण १५ ते ३० च्या मधी असते, रेडकाचा आकडा जास्त असतो. उन्हातनं आलेल्या म्हशीचा मोजू नका, म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फार कमी, कातडं काळं, त्यामुळं उन्हात ती श्वासानंच अंग गार करत असते आणि आकडा उगाच वाढतो. म्हणून तर ती तळ्यात नाहीतर नदीत शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही. आकड्याबरोबर ढब पण बघायची. पुढचे पाय फाकवून, कोपरं बाहेर काढून, मान लांब करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर मोजत बसू नका, आधी फोन करा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, फोनला पैसे पडत नाहीत.

मी वहीत लिहायला लागलो. चार म्हशींचे रोजचे श्वास, थर्मामीटर लावून ताप, आणि किती वेळा ढासली. आठवड्यातच एक गोष्ट दिसली. ताप कुणालाच नव्हता, सगळ्या १०१ च्या आसपास. ढास पहाटे जास्त, दुपारी बाहेर बांधल्यावर जवळजवळ नाही. आणि गाय, जी दाराजवळ बांधलेली असायची, ती सगळ्यात कमी ढासायची. जंतूचा आजार असा वेळ बघून आणि जागा बघून येत नाही.

डॉक्टर म्हणाले उद्या पहाटे चार वाजता, दार उघडायच्या आधी, गोठ्यात जाऊन म्हशीशेजारी खाली बसा आणि दहा मिनिटं श्वास घ्या. बसलो. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, घशात खवखव सुरू झाली, पाच मिनिटांनी मीच ढासायला लागलो. उभा राहिल्यावर तेवढं जाणवत नव्हतं, खाली बसल्यावर जाणवत होतं, आणि म्हैस रात्रभर बसलेलीच असते, नाक जमिनीपासून फूट-दीड फुटावर. तीन वर्षं माझी जनावरं ही हवा घेत होती आणि मी त्यांना इंजेक्शनं टोचत होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तो अमोनिया. मुतात युरिया असतो, शेणात तो फोडणारं विकर असतं, दोन्ही एकत्र कालवलं की अमोनिया वायू सुटतो. वेगवेगळं राहिलं तर फारसा सुटत नाही. हा वायू नळीच्या ओल्या अस्तरात लगेच विरघळतो आणि ते केसाळ तंतू लुळे पाडतो, वर सांगितलेला पट्टाच बंद. आणि हे पावसाळ्यातच का, तर आम्ही पश्चिमेचा पाऊस आत येतो म्हणून जून लागला की गोठ्याला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधायचो, पत्र्यापासून जमिनीपर्यंत, एक फट ठेवायचो नाही. जनावराला गारठा लागू नये म्हणून. मायेपोटीच करायचो. पण म्हशीला आपल्याकडच्या कोरड्या गारठ्याचं फारसं काही नाही, तिला ओल आणि कोंडलेली हवा मारते. एक मोठं जनावर रात्रभरात श्वासावाटे आणि अंगातनं कित्येक लिटर पाणी वाफ करून हवेत सोडतं, ती वाफ वर जायला वाट नसेल तर पत्र्याला लागून परत पाठीवर ठिबकते. आमच्या पत्र्याला सकाळी आतून थेंब लोंबत असायचे, मला वाटायचं पत्रा गळतोय.

आणि डासांसाठी संध्याकाळी शेणी आणि कडुलिंबाचा पाला पेटवून बंद गोठ्यात धूर करायचो. वर ओली वैरण. पावसाळ्यात कडब्याच्या गंजीला पाणी लागलेलं असतं, आतून पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, ती पेंढी झटकली की जी धूळ उडते ती धूळ नसते, बुरशीची बीजं असतात. अमोनियानं पट्टा बंद केला, धूर आणि बुरशी खाली उतरली. अँटिबायोटिकनं काय व्हायचं, तर खाली साठलेले जंतू मरायचे, चार दिवस ढास थांबायची, पण पट्टा बंदच, हवा तीच, परत जंतू उतरायचे. डॉक्टरांच्या औषधात खोट नव्हती.

काय बदललं ते सांगतो. ताडपत्री काढली नाही, कारण आडवा पाऊस आत येतोच, पण वरचे दीड फूट मोकळं सोडलं आणि बाहेरून पत्र्याला पुढं झाप काढला, म्हणजे पाऊस येत नाही पण हवा निघते. आढ्यावर फट ठेवली. ठोकताळा असा की गोठ्याच्या दर दहा फूट रुंदीला दोन इंच, आमचा गोठा अठरा फुटांचा म्हणून चार इंच सोडली आणि वर उंचावर पत्र्याची टोपी बसवली. गरम ओली हवा तिथनं निघून जाते आणि बाजूनं ताजी आत येते, पंखा लागत नाही. फरशीला मागं गटाराकडं उतार करून घेतला, दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर, म्हणजे मूत थांबत नाही, शेणात कालवलं जात नाही. या एका कामाला पैसे गेले, बाकी सगळं घरच्या घरी झालं. शेण रात्री झोपायच्या आधी एकदा जादा ओढायला लागलो. धूर पूर्ण बंद, त्याऐवजी मच्छरदाणीची जाळी लावली. कुट्टी टाकण्याआधी पाण्याचा हबका मारतो, आणि बुरशी दिसलेली पेंढी कितीही जीवावर आली तरी खतात. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, असलं की हा प्रश्न नाही, ते ओलंच असतं, पण वाडं हंगाम सुरू झाल्यावर मिळतं, आषाढात कुठलं.

ज्यांचा गोठा गुऱ्हाळाच्या अंगाला आहे त्यांनी वाऱ्याची दिशा बघून ठेवा. चुलवाणात चिपाडं जळताना जो धूर खाली बसतो तो थंडीत पहाटे गोठ्यातच येतो, आमच्या एका पाहुण्यांच्यात ढास पावसाळ्यात नसून गुऱ्हाळ चालू असतानाच असायची, ती याच्यामुळं.

तीन आठवड्यांत गाय आणि तीन म्हशी गप्प झाल्या. औषध न देता. अस्तर परत भरून यायला तेवढा वेळ लागतोच, त्यामुळं हे करून दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि मला आधी कोंबड्यांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. पहिल्या वर्षीच कोपऱ्यातल्या कोंबड्या रात्री घरघर करायच्या, डोळ्यांत फेस यायचा. पक्ष्याचं फुफ्फुस आपल्यासारखं फुगत-मिटत नाही, ते बरगड्यांना चिकटून जवळजवळ स्थिर असतं, आणि अंगभर नऊ हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालून हवा त्यातनं एकाच दिशेनं ढकलतात. छाती आणि पोटामधला पडदाही नसतो, म्हणून कोंबडी हातात घट्ट आवळून धरली तर गुदमरते, पोरांना हे सांगून ठेवा. ताजी हवा दर श्वासाला आरपार जाते, त्यामुळं ऑक्सिजन त्या आपल्यापेक्षा चांगला ओढतात, पण विषारी वायूही तितकाच पटकन ओढतात. इंग्लंडातल्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत पिंजऱ्यात पक्षी नेत होते ते याचसाठी, माणसाच्या आधी पक्ष्याला कळायचं. गोठ्यात कोंबड्या घरघरायला लागल्या तर म्हशींची पाळी येणार आहे असं धरून चाला.

राहिली चंद्री. गोठा सुधारला, बाकीच्या बऱ्या झाल्या, ही ढासायचीच. श्वास ३८-४०, मधनंच ताप १०३, दूध निम्म्यावर. डॉक्टरांनी तिचा उजवा पुढचा पाय पुढं ओढून धरायला लावला आणि स्टेथोस्कोप पार काखेत घातला, डावीकडं ऐकलं, परत उजवीकडं ऐकलं, आणि पहिला प्रश्न विचारला, हिला तोंडानं काय पाजता का. मी नाही म्हणणार तेवढ्यात आमचे आण्णा, म्हणजे चुलते, म्हणाले व्हय, पोट फुगतंय तिचं, म्हणून गोडंतेल पाजतोय की नळकांड्यातनं.

इथं ती घशातल्या चौकाची गोष्ट. चंद्रीला पावसाळ्यात कोवळं हिरवं गवत जास्त झालं की पोट फुगायचं. पाजताना आमच्यात काय करतात, एकानं शिंगाला धरून तोंड आभाळाकडं करायचं, दुसऱ्यानं जीभ बाहेर ओढायची आणि तिसऱ्यानं बांबूचं नळकांडं घशात रिकामं करायचं. मान ताणली, जीभ ओढली की श्वासनळीचं तोंड मिटतच नाही. पाणी गेलं असतं तर जनावर लगेच ठसकलं असतं, तेल मऊ असतं, ठसका पण नीट येत नाही, गुपचूप नळीत उतरतं आणि त्या उजव्या जादा फांदीतनं पुढच्या भागात जाऊन बसतं. तेल फुफ्फुसातनं सहजी बाहेर येत नाही, शरीर ते नीट पचवत नाही, तिथं तो भाग कायमचा घट्ट होऊ शकतो. म्हणजे पोट फुगायचं, तेल पाजायचं, चार दिवसांनी ढास, इंजेक्शन, बरं, परत पोट, परत तेल. आम्ही दोन वेगळे आजार समजत होतो. आण्णांचा यात दोष मी धरत नाही, त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं, आणि ते त्या रात्री जेवले नाहीत.

पोटफुगीला गप्प बसा असं मात्र मी म्हणत नाही, ती पण श्वासाचीच भानगड आहे. म्हशीचं मोठं पोट डावीकडं, त्याच्या पुढं लगेच पडदा आणि पडद्यापुढं फुफ्फुस. गॅसनं पोट फुगलं की पडदा पुढं ढकलला जातो, फुफ्फुसाला फुगायला जागाच उरत नाही आणि जनावर गुदमरून जातं. एरवी हा गॅस ढेकरावाटे जातो, आणि गंमत बघा, ढेकराचा बराचसा गॅस सरळ तोंडातनं न जाता आधी श्वासनळीतनं फुफ्फुसात उतरतो आणि मग उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. वैरणीचा वास दुधाला येतो तो बराचसा याच वाटेनं रक्तात जाऊन येतो, म्हणून वासाची वैरण धारेनंतर टाकायची. तर डावी कूस ढोलासारखी ताणली असेल तर लगेच डॉक्टर, ते पोटात नळी घालून गॅस काढतात. आम्ही आता हिरवं टाकायच्या आधी कोरडा कडबा खायला घालतो, गेल्या पावसाळ्यात एकदाही पोट फुगलं नाही. आणि काही पाजायचंच झालं तर नाक डोळ्यांच्या पातळीच्या वर न्यायचं नाही, जीभ ओढायची नाही, गालाच्या आत थोडं थोडं सोडायचं, गिळलेलं दिसल्यावरच पुढचं, आणि एकदा जरी ढासली तरी थांबून मान सोडून द्यायची. जे पेंडीत कालवून जातं ते पाजूच नका.

आता ज्यांचं यातलं काहीच जुळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकदम १०४ च्या वर ताप, गळ्याखाली गरम दुखरी सूज, घशात घुरघुर, तर तो घटसर्प, म्हशीला गाईपेक्षा जास्त धरतो आणि एका दिवसात जनावर नेतो, तिथं तासाचा उशीर चालत नाही, आणि त्याची लस पावसाळ्याच्या आधीच टोचून घ्यायची. फक्त रेडकं-वासरं ढासतायत, ओल्या कुरणात चरतायत, वाळतायत, तर फुफ्फुसातले जंत असू शकतात, ताजं शेण तपासायला न्या. गाय किंवा बैल ढासत नाही पण झोपेत नाही तर जागेपणी घोरल्यासारखा श्वास घेतोय, नाकातनं रक्ताचा अंश येतोय, तर नाकातल्या शिरांत राहणारे चपटे कृमी असतात, ते तळ्या-डबक्यातल्या गोगलगाईंमुळं येतात, म्हशीत असले तरी लक्षणं कमी दिसतात. याला पाणी बदलल्याशिवाय इलाज टिकत नाही.

आणि महिनोन्महिने बारीक ढास, खाऊन पण खंगत चाललेली म्हैस असेल तर क्षयाची तपासणी करून घ्याच. मानेच्या कातडीत टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्या कोल्हापुरात कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायची पद्धत आहे, लहानपणी आजोबांबरोबर गंगावेशीत मी पण प्यायलोय, ती चव अजून जिभेवर आहे. पण जनावराचा क्षय कच्च्या दुधातनं माणसाला येतो. जुनी ढास असलेल्या म्हशीचं दूध कुणालाही, आणि लहान पोरांना तर अजिबात, न तापवता देऊ नका. आम्ही घरात ते बंद केलं.

पुराचं पण सांगायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ज्यांनी जनावरं हलवली त्यांना माहीत आहे, ट्रकमधी दाटीवाटीनं उभी केलेली, भिजलेली, दुसऱ्यांच्या जनावरांत बांधलेली, आणि आठवड्याभरात ढास. दगदगीनं अंगातली ताकद उतरते आणि नाकातले जंतू खाली सरकतात. हलवायला लागलंच तर नव्या जागी भिंतीऐवजी उघड्या बाजूला बांधा, पहिले दहा दिवस रोज श्वास मोजा आणि परत आणल्यावर आठवडाभर वेगळं ठेवा.

चंद्री आहे. त्या भागातलं फुफ्फुस परत येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पण राहिलेलं चांगलं आहे, पहाटे उठताना दोन-तीनदा ढासते आणि मग दिवसभर नाही. श्वास २६ वर आलाय. तिला आता दाराजवळच्या जागेवर बांधतो, जिथं आधी गाय होती, आणि आण्णा झोपायच्या आधी बॅटरी घेऊन तिची कूस मोजून येतात आणि वहीत आकडा टाकतात.